‘मी’ नसलेले स्तवन

६ जानेवारी २०२६ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणादिवशी, पोप लिओ चौदावे यांनी रोम येथील संत पेत्र महामंदिराचे पवित्र द्वार बंद केले आणि आशेच्या महोत्सवी वर्षाची सांगता झाली. हेच द्वार २४ डिसेंबर २०२४ च्या रात्री पोप फ्रान्सिस यांनी चाकांच्या खुर्चीत बसून उघडले होते. एका पोपमहोदयांच्या कारकिर्दीत सुरू झालेले महोत्सवी वर्ष दुसऱ्या पोपमहोदयांच्या कारकिर्दीत संपावे, असे यापूर्वी सन १७०० मध्ये घडले होते. या दोन तारखांच्या दरम्यान एक देहावसान, एक निवडणूक आणि दोन तरुणांची संतपदावर स्थापना अशा मोठ्या घटना ख्रिस्तसभेने अनुभवल्या.

वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाहिन्यांनी या घटनांचे विश्लेषण आपापल्या पद्धतीने केले. नवे पोप कोणत्या देशाचे, कोणत्या विचारांचे, कोणाला किती मते पडली असतील, याची चर्चा महिनोन्महिने चालली. त्या चर्चेत आम्हांला शिरावयाचे नाही. परंतु हे सारे प्रसंग एकापुढे एक ठेवून शांतपणे पाहिले असता त्यांतून एक समान धागा ओवला गेलेला दिसतो. देवाच्या पावित्र्याची खरी स्तुती करावयाची असेल तर माणसाने बाजूला सरले पाहिजे, हा तो धागा होय. २०२६ हे वर्ष संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या निधनाच्या आठव्या शताब्दीचे वर्ष असल्यामुळे या विषयाचा विचार करण्यास यापेक्षा योग्य वेळ नाही, असे आम्हांस वाटते.

दोन पोपमहोदय, एकच धडा

पोप फ्रान्सिस यांनी २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरनंतरच्या सोमवारी, या जगाचा निरोप घेतला. २९ जून २०२२ रोजीच त्यांनी आपले मृत्युपत्र लिहून ठेवले होते. आपली कबर जमिनीत असावी, साधी असावी, तिच्यावर कोणतीही सजावट नसावी आणि लॅटिन भाषेतील आपल्या नावाचा एकच शब्द तिच्यावर कोरला जावा, एवढीच त्यांची इच्छा होती. २६ एप्रिल रोजी रोममधील सांता मारिया माज्जोरे महामंदिरात त्यांचा दफनविधी त्याप्रमाणेच झाला. तेथे पदवी नाही, कर्तृत्वाची यादी नाही. बारा वर्षे जगातील कोट्यवधी श्रद्धावंतांचे मेंढपाळ राहिलेल्या पुरुषाच्या कबरीवर फक्त एक नाव आहे, आणि तेही त्यांनी असिसीच्या गरीब संताकडून घेतलेले!

ही वृत्ती त्यांच्या ठायी शेवटच्या दिवसांत आलेली नव्हती. मार्च २०१३ मध्ये, पोपपदाच्या निवडणुकीपूर्वी, कार्डिनलांच्या सभेत बोलताना त्यांनी एक इशारा दिला होता. ख्रिस्तसभा जेव्हा स्वतःभोवतीच फिरू लागते, स्वतःचाच विचार करू लागते, तेव्हा ती आजारी पडते, असे त्यांनी सांगितले. प्राचीन धर्मपित्यांनी वापरलेल्या चंद्राच्या उपमेची त्यांनी आठवण करून दिली. चंद्राला स्वतःचा प्रकाश नसतो. तो सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो. आपल्यापाशी स्वतःचाच प्रकाश आहे, असे ख्रिस्तसभेला नकळत वाटू लागले की तिचे आजारपण सुरू झाले म्हणून समजावे.

८ मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले आणि दुसऱ्याच दिवशी सिस्टाइन प्रार्थनामंदिरात त्यांनी कार्डिनलांसमवेत पहिला मिस्साबळी अर्पण केला. त्या प्रवचनाच्या शेवटी त्यांनी अंत्युखियाचे संत इग्नाती यांची आठवण केली. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी या बिशपांना साखळदंडांनी बांधून रोमला नेले गेले, कारण तेथे त्यांना हिंस्र पशूंच्या तोंडी द्यावयाचे होते. आपला देहही जगाला दिसेनासा होईल तेव्हाच आपण ख्रिस्ताचे खरे शिष्य ठरू, असे त्यांनी रोमकरांना कळविले होते. त्यांचा संदर्भ देऊन पोपमहोदयांनी सांगितले की, ख्रिस्तसभेत अधिकारपद भूषविणाऱ्या प्रत्येकाने ख्रिस्त राहावा म्हणून स्वतः नाहीसे व्हावे, तो ओळखला जावा म्हणून स्वतः लहान व्हावे.

एकाने आपल्या कबरीवर नावापलीकडे काही लिहू दिले नाही. दुसऱ्याने पदावर येताच, आपण नाहीसे होण्यासाठी आलो आहोत, असे सांगितले. आपण या दोन्ही गोष्टींचे मनापासून कौतुक केले. त्यांची छायाचित्रे आणि वाक्ये मोबाइलवरून एकमेकांना पाठविली. पण इतरांच्या नम्रतेचे कौतुक करणे सोपे असते. तीच नम्रता आपल्या दारी येऊन उभी राहिली की मात्र आपण दाराची कडी लावून घेतो.

ला व्हेर्नाच्या डोंगरावर

आठशे वर्षांपूर्वीचा एक प्रसंग येथे आठवतो. सन १२२४. संत फ्रान्सिस त्यावेळी सुमारे बेचाळीस वर्षांचे होते. पण शरीर थकले होते, डोळे अधू झाले होते. त्यांनी स्थापन केलेला संघ हजारोंच्या संख्येने वाढला होता आणि त्या वाढीबरोबर मतभेदही वाढले होते. संघाची धुरा त्यांनी १२२० मध्येच दुसऱ्याच्या हाती सोपविली होती. आपण जे उभे केले ते आपल्या कल्पनेप्रमाणे राहिलेले नाही, ही जाणीव कोणत्याही संस्थापकाला जाळणारी असते. अशा अवस्थेत ते तोस्काना प्रांतातील ला व्हेर्ना या डोंगरावर चाळीस दिवसांच्या उपवासासाठी गेले. तेथेच सप्टेंबर महिन्यात त्यांच्या देहावर ख्रिस्ताचे पाच घाय उमटले.

त्यांच्यासोबत बंधू लिओ नावाचे सहकारी होते. बंधू लिओ त्या दिवसांत मनाच्या मोठ्या तळमळीतून जात होते. फ्रान्सिस यांनी स्वतःच्या हाताने काही लिहून दिले तर आपल्याला धीर येईल, असे त्यांना वाटत होते; पण मागण्याचा संकोच होत होता. फ्रान्सिस यांनी त्यांच्या मनातले ओळखून चर्मपत्राचा एक लहानसा तुकडा मागविला. एका बाजूला त्यांनी परात्पर देवाची स्तुती लिहिली आणि दुसऱ्या बाजूला बंधू लिओ यांच्यासाठी आशीर्वाद लिहिला. लिओ यांनी तो तुकडा घडी घालून जपून ठेवला. आजही तो असिसी येथे सुरक्षित आहे.

त्या स्तुतीची रचना पाहिली की मन थक्क होते. तिची सुरुवातच देव पवित्र आहे या उद्गाराने होते आणि नंतर जवळजवळ प्रत्येक ओळ ‘तू’ या शब्दाने उघडते. देव बलवान आहे, महान आहे, प्रेम आहे, शहाणपण आहे, नम्रता आहे, सहनशीलता आहे, सौंदर्य आहे, विसावा आहे, अशी एकेक ओळ पुढे सरकते. या संपूर्ण स्तुतीत ‘मी’ कोठेच नाही. फ्रान्सिस यांनी आपल्या घायांविषयी एक शब्द लिहिलेला नाही. डोळ्यांच्या दुखण्याची तक्रार नाही, संघातील मतभेदांचे गाऱ्हाणे नाही, कोणतेही मागणे नाही. एकवचनी ‘माझे’ नाही. जेथे मानवाचा उल्लेख येतो तेथे ‘आमची आशा’, ‘आमचा आनंद’ असा अनेकवचनाने येतो.

ज्या माणसाजवळ तक्रार करण्याची सर्वांत अधिक कारणे होती आणि ज्याला देवाकडून असामान्य कृपादानही लाभले होते, त्याने त्या दोहोंपैकी कशाचाही उच्चार केला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दुःख आणि यश या दोन्हींमध्ये ‘मी’ दडून बसू शकतो. दुःखात तो रडतो, यशात तो मिरवतो. फ्रान्सिस यांनी त्याला दोन्ही दारे बंद केली. आणि ते लेखनही त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही, तर एका व्याकूळ बंधूच्या हाती दिले. देवाची निरपेक्ष स्तुती अखेरीस शेजाऱ्याच्या सांत्वनासाठी उपयोगी पडली.

उज्जीया आणि यशया

देवाचे पावित्र्य आणि माणसाचा मीपणा एकत्र का नांदू शकत नाहीत? यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर आहे. संदेष्ट्याला मंदिरात देवाचे दर्शन घडते, सराफदूत देवाच्या पावित्र्याचा त्रिवार घोष करतात, उंबरठे हादरतात आणि मंदिर धुराने भरून जाते. या अध्यायाच्या आरंभी एक छोटासा तपशील दिला आहे, ज्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हे दर्शन उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षी घडले.

हा उज्जीया कोण होता? इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात त्याची हकीकत आहे. तो कर्तबगार राजा होता. त्याने बुरूज बांधले, विहिरी खोदल्या, शेती वाढविली, सैन्य बळकट केले. परंतु बळ वाढले तसा तो उन्मत्त झाला आणि जे काम याजकांचे होते ते स्वतः करण्यासाठी धुपाटणे घेऊन मंदिरात शिरला. याजकांनी अडविले तेव्हा तो संतापला, आणि तेथेच वेदीजवळ त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत त्याला सर्वांपासून दूर, वेगळ्या घरात राहावे लागले. त्याचे पाप देवाला नाकारण्याचे नव्हते. उलट तो देवाच्या मंदिरातच गेला होता, हाती धूपही होता! पण त्या धुरामागे त्याला स्वतःची मूर्ती उभी करावयाची होती.

त्या राजाचे सिंहासन रिकामे झाले त्या वर्षी यशयाने खरे सिंहासन पाहिले. सराफदूतांचा घोष ऐकताच त्याच्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो आपल्या ओठांच्या अशुद्धतेचा आणि आपल्या लोकांच्या अशुद्धतेचा. पावित्र्यापुढे उभे राहिल्यावर स्वतःची खरी उंची कळते, ती अशी. मात्र देवाने त्याला तेथेच चिरडले नाही. जळत्या निखाऱ्याने त्याचे ओठ शुद्ध केले आणि त्याला कामगिरीवर पाठविले. उज्जीया मंदिरात स्वतःला मिरविण्यासाठी शिरला आणि एकाकी झाला. यशयाने स्वतःचे खुजेपण कबूल केले आणि तो लोकांसाठी देवाचा आवाज झाला.

हाच घोष आपण प्रत्येक मिस्साबळीत, ख्रिस्तयागाच्या मुख्य प्रार्थनेच्या आरंभी, देवदूतांच्या आणि संतांच्या सुरात सूर मिसळून गातो. त्यानंतर काही क्षणांतच प्रभू भाकरीच्या रूपात वेदीवर उतरतो. ज्याला सराफदूतही उघड्या डोळ्यांनी पाहू धजत नाहीत, तो स्वतःला रिक्त करून आपल्या तळहातावर येतो. देवाच्या पावित्र्याचे हे आगळे रूप आहे. ते पावित्र्य दूर राहून धाक दाखवीत नाही. ते स्वतः लहान होते. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताच्या या आत्मरिक्ततेचे वर्णन केले आहे. म्हणूनच स्वतःला रिक्त करणे म्हणजे केवळ एक सद्गुण अंगी बाणविणे नव्हे, तर ते देवाच्या स्वभावात सहभागी होणे आहे. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतही पहिली तीनही मागणी देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा यांच्याविषयी आहेत. आपली भाकर त्यानंतर येते, आणि तीही ‘माझी’ म्हणून येत नाही.

आपल्या धर्मग्रामांत काय दिसते?

आता आपल्या अंगणात डोकावू या. मराठी ग्रंथपरंपरेत ग्रंथारंभी नमन करण्याची रीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनीही १६१६ साली राचोल येथे छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणाचा प्रारंभ देवाच्या स्तवनानेच केला. लांबलेल्या नमनासाठी ‘नमनाला घडाभर तेल’ ही म्हणही आपल्याकडे रूढ आहे. आज मात्र नमन आटोपशीर झाले आहे आणि घडाभर तेल आभारप्रदर्शनाला लागते! सणाच्या मिस्साबळीच्या शेवटी नावांची यादी सुरू होते. मंडप, ध्वनिव्यवस्था, फुले, वाद्यवृंद, देणगीदार, पाहुणे, समित्या. प्रत्येक नावाला टाळ्या. एखादे नाव राहिले तर पुढील वर्षभर अबोला. ज्याच्या नावाने आपण जमलो होतो, त्याच्यासाठी शांततेचे दोन क्षणही उरत नाहीत.

नोव्हेनाच्या फलकांवर संताच्या चित्रापेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे मोठी दिसतात. बाकांवर, पंख्यांवर, दारांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात. बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि विवाह या प्रसंगी वेदीसमोर छायाचित्रकारांची अशी गर्दी उसळते की मागच्या बाकावरील आजीला वेदी दिसत नाही. प्रार्थनासभांतील साक्षीसुद्धा पुष्कळदा ‘देवाने केले’ येथे सुरू होऊन ‘मला मिळाले’ येथे संपतात. हे सारे करणारी माणसे वाईट नाहीत. त्यांचे कष्ट खरे आहेत, दातृत्वही खरे आहे. परंतु हाती धुपाटणे घेऊन मंदिरात शिरणाऱ्या राजाचे कष्टही खरे होते, हे विसरता येत नाही.

आम्ही धर्मगुरूही या दोषापासून अलिप्त नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका धर्मग्रामाच्या महोत्सवी सोहळ्यास आम्ही उपस्थित होतो. त्या धर्मग्रामात आम्ही काही काळ सेवा केली होती. आभारप्रदर्शनात अनेकांची नावे आली, आमचे आले नाही. विसर पडला असावा. परंतु भोजनाच्या वेळी आमचे कोणाशी बोलण्यात मन लागेना. अनपेक्षितपणे मागे राहिलेली पिशवी घेण्यासाठी आम्ही वेदीमागील खोलीकडे गेलो. तेथे वेदीची व्यवस्था पाहणारे एक वृद्ध गृहस्थ एकटेच मेणबत्त्यांचे सांडलेले मेण खरवडीत बसले होते. त्यांचेही नाव कोणी घेतले नव्हते, आणि तीस-पस्तीस वर्षांत कधी घेतले असेल असे वाटत नाही. ‘‘फादर, जेवलात का?’’ एवढेच त्यांनी विचारले. त्या दिवशी सकाळचे प्रवचन आम्ही नम्रतेवर केले होते, हे येथे कबूल केलेले बरे.

मीपणाचे आणखी एक रूप आहे, आणि ते अधिक फसवे आहे. ते म्हणजे ‘आमचे’पणा. स्वतःसाठी काही न मागणारा माणूसही आपल्या गटासाठी हट्टाला पेटतो. आमची आळी, आमचा समाज, आमचे वाद्यवृंद, आमच्या धर्मग्रामाची मिरवणूक. कुपारी असोत, वाडवळ असोत, कोळी असोत, आदिवासी असोत वा नोकरीधंद्यानिमित्त बाहेरून येऊन स्थायिक झालेली कुटुंबे असोत, एकाच ख्रिस्तशरीराचा स्वीकार करून बाहेर पडलेले आपण पटांगणात पुन्हा आपापल्या गटात उभे राहतो. फ्रान्सिस यांच्या स्तुतीतील ‘आमचा’ सर्वांना कवेत घेणारा होता. आपला ‘आमचा’ पुष्कळदा कुंपण घालणारा असतो.

एक आवश्यक सावधगिरी

स्वार्थत्यागाचा हा विचार मांडताना एका धोक्याचा उल्लेख करणे आम्ही कर्तव्य समजतो. ‘स्वतःला विसर’ हा उपदेश बलवानाने दुर्बलाला करावयाचा नसतो. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला, मजुरी बुडविल्या गेलेल्या कामगाराला, अन्याय सोसणाऱ्या मुलाला आत्मसमर्पणाचे धडे देणे हा शुभवर्तमानाचा विपर्यास आहे. ख्रिस्ताने स्वतःचा जीव स्वेच्छेने अर्पण केला. तो कोणी त्याच्याकडून हिसकावून घेतला नाही. आणि मंदिरात बाजार मांडणाऱ्यांपुढे तो गप्पही बसला नाही.

ख्रिस्तसभेला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. लहान मुलांवरील अत्याचाराची प्रकरणे अनेक देशांत दडपली गेली, त्यामागे संस्थेची अब्रू वाचविण्याची धडपड होती. संस्थेचा मीपणा तो हाच! २० ऑगस्ट २०१८ रोजी देवाच्या प्रजेस उद्देशून लिहिलेल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी याबद्दल दुःख आणि लाज व्यक्त केली आणि धर्मगुरूंच्या वर्चस्ववृत्तीवर नेमके बोट ठेवले. देवाच्या पावित्र्याचा घोष करणाऱ्या ख्रिस्तसभेने आपली अब्रू पीडितांच्या अश्रूंपेक्षा मोठी मानली, तर तो घोष पोकळ ठरतो. म्हणून मीपणाचा त्याग प्रथम अधिकारपदावरील व्यक्तींनी करावयाचा असतो. पोप लिओ यांनीही तो उपदेश सर्वप्रथम कार्डिनलांसमोर, स्वतःला उद्देशून केला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

तसेच, मीपणा सोडणे म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे. देवाने दिलेली बुद्धी, आवाज, कला लपवून ठेवणे ही नम्रता नाही. गायकाने उत्तम गावे, पण गाणे संपल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात देव उरावा. पोप फ्रान्सिस यांनी १९ मार्च २०१८ रोजी पावित्र्याच्या आवाहनाविषयी जे प्रबोधनपत्र दिले, त्यात आपल्या ज्ञानावर किंवा आपल्याच प्रयत्नांवर विसंबून पवित्र होऊ पाहणाऱ्यांना त्यांनी सावध केले आहे. पावित्र्य ही आपली कमाई नाही. ती देवाची कृपा आहे, आणि ती घेण्यासाठी हात रिकामे असावे लागतात.

दोन तरुण संत

हा विषय वृद्धांचा, मठवासीयांचा आहे, तरुणांचा नाही, असे कोणास वाटेल. त्यांना ७ सप्टेंबर २०२५ रोजी मिळालेले उत्तर पुरेसे आहे. त्या दिवशी पोप लिओ यांनी पिएर जोर्जो फ्रासाती आणि कार्लो अकुतिस या दोघांना संत म्हणून घोषित केले. दोघेही प्रापंचिक, दोघेही सुखवस्तू घरांतले.

फ्रासाती यांचा जन्म १९०१ साली तुरीन शहरात झाला. वडील एका मोठ्या वृत्तपत्राचे मालक, सिनेटचे सदस्य आणि जर्मनीतील राजदूत. मुलाला डोंगर चढण्याचा छंद होता, मित्रांची आवड होती, राजकारणातही रस होता. पण तो आपला पैसा, कपडे आणि वेळ शहरातील गरिबांच्या वस्तीत देऊन येत असे, हे घरच्यांना पुरते ठाऊकच नव्हते. ४ जुलै १९२५ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोलिओने त्याचे निधन झाले. मृत्यूच्या आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्याने एक चिठ्ठी लिहिली, ती एका गरीब रुग्णाची औषधाची इंजेक्शने पोहोचविण्याविषयी. अंत्ययात्रेला तुरीनच्या रस्त्यांवर गरिबांची रीघ लागली, तेव्हा आपला मुलगा कोण होता हे आईवडिलांना कळले.

कार्लो अकुतिस १९९१ साली जन्मला आणि १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने पंधराव्या वर्षी निवर्तला. संगणकात तो निष्णात होता. पवित्र ख्रिस्तशरीराविषयीच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने ती संकेतस्थळावर मांडली. ज्या साधनाने आज लाखो तरुण दिवसातून दहादा स्वतःची छबी जगापुढे ठेवतात, त्याच साधनाने या मुलाने लोकांची नजर वेदीकडे वळविली. त्याचे शरीर आज असिसी येथील ज्या चर्चमध्ये आहे, ते फ्रान्सिस यांनी बिशपांसमोर अंगावरची वस्त्रे उतरवून पित्याला परत केली त्या घटनेचे स्मारकस्थान आहे.

येथेही मीपणा पाठ सोडत नाही. कार्लोचे म्हणून सांगितलेले अवशेष इंटरनेटवर लिलावास काढल्याचा प्रकार २०२५ मध्ये उघडकीस आला आणि असिसीच्या बिशपांना कायद्याकडे दाद मागावी लागली. संतांना मखरात बसवून त्यांच्या नावावर आपले दुकान चालविण्याचा मोह सर्वत्र सारखाच आहे.

वसईचा दुभाषा

आपल्या भूमीलाही या वाटेची ओळख आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणी जपानमध्ये गेले. धर्मोपदेशकांना त्यांनी मदत केली. पण संघात प्रवेशाची त्यांची इच्छा तेथे पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जम बसविला आणि अखेरीस तो सोडून मनिला येथे फ्रान्सिस असिसीकरांच्या संघात बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते जपानला परतले. त्यांना जपानी भाषा येत असल्यामुळे राज्यकर्ता हिदेयोशी याच्या दरबारात ते दुभाषा म्हणून उभे राहिले.

दुभाष्याचे काम मोठे बोधप्रद असते. तो बोलतो, पण शब्द दुसऱ्याचे असतात. आपले म्हणणे त्याने मध्ये घुसविले तर त्याने विश्वासघात केला असे होते. ऐकणाऱ्याला दुभाष्याचा विसर पडावा, यातच त्याचे यश असते. आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द पोहोचविणाऱ्या या वसईकराने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर स्वतःचा प्राण देऊन आपली साक्ष पूर्ण केली. त्यांच्यासह सव्वीस जणांना रक्तसाक्षित्व लाभले. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद दिले. प्रत्येक ख्रिस्ती व्यक्ती ही देवाची दुभाषी आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

फ्रान्सिस असिसीकरांचे हे शताब्दी वर्ष आपल्या धर्मग्रामांत भाषणे आणि स्मरणिका यांच्यापुरते राहू नये, अशी आमची प्रामाणिक इच्छा आहे. त्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, कुटुंबातील रात्रीच्या प्रार्थनेत आरंभीची पाच मिनिटे काहीही न मागता केवळ देवाची स्तुती करावी. देव कसा आहे एवढेच म्हणावे आणि ‘मी’ हा शब्द येऊ देऊ नये. हे दिसते त्यापेक्षा कठीण आहे. दुसरी, धर्मग्रामाच्या सणाच्या फलकांवर या वर्षी एकाही व्यक्तीचे छायाचित्र छापू नये. देणग्यांचा चोख हिशेब अवश्य द्यावा, पण नावे वहीत असावीत, भिंतीवर नकोत. तिसरी, प्रत्येकाने महिन्यातून एकदा असे एखादे सेवेचे काम करावे, जे घरच्यांनाही कळणार नाही. फ्रासाती यांच्या आईवडिलांप्रमाणे आपल्या मुलांनाही आपली खरी ओळख एखाद्या गरिबाच्या तोंडून कळावी, यासारखा वारसा नाही.

३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी फ्रान्सिस यांनी आपल्याला उघड्या जमिनीवर ठेवावे अशी इच्छा व्यक्त केली आणि स्तोत्र म्हणत ते प्रभूकडे गेले. त्यांच्यापाशी देण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून त्यांची स्तुती परिपूर्ण झाली. येत्या रविवारी वेदीसमोर त्रिवार पवित्रतेचा घोष सुरू होईल, तेव्हा आपण क्षणभर त्या डोंगरावरील चर्मपत्राची आठवण करू या आणि आपला ‘मी’ त्या धुपाबरोबर प्रभूच्या चरणी सोडून देऊ या. मिस्साबळीनंतर आभाराच्या यादीत आपले नाव आले नाही तर देवाचे आभार मानावेत आणि वेदीमागे मेण खरवडणाऱ्या गृहस्थांना चार हात द्यावेत.